पंधरा हजारांत टर्बो? त्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडच्या ग्रुपवर सध्या गाडीला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) लावण्याचा एक मेसेज फिरतोय. सोबत एका वॅगनआरच्या बॉनेटखालचा व्हिडिओ आहे. कन्नडमध्येही तोच मजकूर आलाय. थोडक्यात तो असा: "जुन्या डिझेल गाडीचा टर्बो भंगारात स्वस्तात मिळतो. मॅनिफोल्ड, पाइप, वेल्डिंग धरून पंधरा हजारांत कुठल्याही पेट्रोल गाडीला बसतो. इंटरकूलर लावला की इंजिनाला काही होत नाही. धूर फुकट जातो, टर्बो तोच वापरतो, म्हणून ताकद दीडपट, मायलेज दुप्पट. गाडीचा कॉम्प्युटर दहा किलोमीटरमध्ये आपोआप शिकून घेतो. ई-२० पेट्रोल आल्यामुळे नॉकिंगची भीती संपली. पीयूसी पास होते, आरटीओला काही कळत नाही. टर्बो नको असेल तर दोन हजाराचा इलेक्ट्रिक टर्बो लावा. कंपन्या हे मुद्दाम लपवतात."

माझ्या अक्काच्या मुलाने हा मेसेज मला पाठवला, तो खरं-खोटं विचारायला नाही. "मामा, मॅनिफोल्ड ओतून देणारं कोण ओळखीचं हाय काय?" एवढंच त्याला हवं होतं. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा ओतीव भाग. त्याची गाडी सेकंडहँड वॅगनआर, हप्ते अजून चालू आहेत, आणि चार मित्र भरून तो चोर्ला घाटातून गोव्याला जातो. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रीबोअरिंग आणि हेड फेसिंगचं (इंजिनाचे झिजलेले सिलेंडर आणि वरचं हेड मशीनवर नीट करण्याचं) काम करतो. असल्या प्रयोगांतून निघालेले पिस्टन शेवटी आमच्याच टेबलावर येतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो: कॉम्प्युटर आपोआप शिकून घेतो.

ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, शिकतो, पण कितपत? एक्झॉस्टच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. हलक्या पायाने गाडी चालवताना ईसीयू त्या सेन्सरकडे बघत पेट्रोल थोडं कमी-जास्त करत राहतो. इंजेक्टरवर घाण बसली, एअर फिल्टर चोंदला, तर तेवढा फरक भरून काढायला ही सोय आहे. ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबला की ईसीयू या दुरुस्तीवर फारसा विसंबत नाही, कंपनीने भरून दिलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. आणि टर्बोचा दाब तयार होतो तो नेमका तेव्हाच. जिथे शिकायची गरज आहे, तिथेच त्याचं शिकणं थांबलेलं असतं.

त्याहून मोठी अडचण मॅप सेन्सरची, म्हणजे आतल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची. आत किती हवा आली, हे अशा गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातल्या) दाबावरून ठरतं. टर्बो नसलेल्या इंजिनात हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा वर जातच नाही, म्हणून सेन्सरही जेमतेम तेवढंच मोजणारा बसवतात. टर्बोने अर्धा बार जादा दाब, म्हणजे बूस्ट, भरला (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), तरी सेन्सर एक बारच सांगत राहतो. ईसीयू एक बारच्या हवेपुरतं पेट्रोल देतो.

आता हिशेब करा. ३० अंशांची हवा दीडपट दाबली आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ती हवा ८५ ते ९० अंशांपर्यंत तापते. तापल्यामुळे पसरते, म्हणून वजनाने हवा दीडपट जात नाही, साधारण सव्वापट जाते. पूर्ण लोडवर कंपनी साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल, अशा आसपास मिश्रण देते. ते मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कारण जादा पेट्रोलने ज्वलन थंड राहतं. तेच मिश्रण आता पंधरा-सोळाला एक झालं. हवा गरम, दाब जास्त, पेट्रोल कमी. आणि वर मेसेज म्हणतो इंटरकूलर लावला की झालं! इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी, टर्बोला लागतोच, त्यावर वाद नाही. पण हवा थंड झाली की ती आणखी दाट होऊन आत जाते. पेट्रोल तेवढंच राहिलं, तर इंटरकूलरमुळे मिश्रण अजून पातळ होतं. पेट्रोल न वाढवता इंटरकूलर लावणाऱ्याने सुरक्षा वाढवलेली नाही.

स्पार्कचंही तसंच. दाब वाढला की मिश्रण लवकर जळतं, म्हणून स्पार्क उशिरा द्यावा लागतो. ट्यूनिंग करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की दर एक पीएसआय बूस्टला टायमिंग एक अंश मागे. अर्धा बार म्हणजे सात पीएसआय. ज्या ईसीयूला बूस्ट दिसतच नाही, तो सात अंश मागे कशाच्या आधारावर घेणार? नॉक सेन्सर घेतो, असं कुणी म्हणेल. घेतो, थोडं घेतो. एखादी टाकी खराब पेट्रोलची भरली तर सांभाळून न्यावं, एवढ्यासाठी तो दिलेला आहे. प्रत्येक ओव्हरटेकला आणि प्रत्येक चढाला त्याच्यावर विसंबून इंजिन टिकत नाही.

नॉकिंगमध्ये होतं काय, तर स्पार्कने लागलेली ज्योत कडेपर्यंत पोहोचायच्या आत कडेचं मिश्रण स्वतःच एकदम पेटतं. त्या तडाख्याने आधी जाते पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पट्टी, रिंग लँड. साध्या इंजिनाचे पिस्टन ओतीव ॲल्युमिनियमचे असतात आणि ही पट्टी काही मिलिमीटरचीच असते. ती तुटली की तुकडा बोअरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडे पाडतो, कॉम्प्रेशन खाली झिरपतं, डिपस्टिकमधून धूर येतो. मग माणूस म्हणतो, "रिंगा गेल्या असतील, बदलून द्या." हेड काढल्यावर कळतं की पिस्टन, बोअर, कधी कनेक्टिंग रॉडसुद्धा गेलाय.

"आमच्या मित्राची गाडी वर्षभर चालतेय, काही झालं नाही," हे उत्तर मला भाच्याकडूनही आलं. असेल चालत. कॉलेज रोड ते टिळकवाडी एवढ्या गर्दीत बूस्ट तयारच होत नाही. गोव्याहून परतताना केरीपासून घाटाचा चढ सुरू होतो. मे महिना, एसी चालू, आत पाच माणसं, दुसऱ्या गिअरमध्ये पाय सतत खाली. तिथे बूस्ट क्षणभर येऊन जात नाही, कित्येक मिनिटं टिकून राहतो, आणि वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला वाराही कमी लागतो. इंजिनाची खरी परीक्षा तिथे होते, आणि गाडी बंद पडली तर वळणावर, रेंज नसलेल्या जागी.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, याबद्दलचं अर्धसत्य मला मान्य करावं लागतं. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग न होता दाब सोसायची क्षमता) पेट्रोलपेक्षा बराच जास्त आहे. आपलं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई-२० साठी ९५ धरलेलं आहे. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते हवा जास्त थंड करतं. नॉकिंगला हे सगळं मदतीचंच. पण भीती संपली, हे कुठून आलं? आजच्या साध्या पेट्रोल इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (सिलेंडरमध्ये मिश्रण कितीपट दाबलं जातं तो आकडा) ११ ते १२ च्या घरात असतो. टर्बोसाठीच बनवलेल्या छोट्या इंजिनांत तो बहुधा साडेनऊ ते साडेदहापर्यंत खाली आणतात, कारण टर्बो हवा आधीच दाबून पाठवतो. ऑक्टेनने मिळालेली थोडी सवलत या फरकातच खर्च होते. आणि मेसेज लिहिणाऱ्याने दुसरी बाजू सांगितलेलीच नाही. पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० जास्त सोडावं लागतं. इंजेक्टर आधीच जास्त वेळ उघडे राहतायत, त्यांच्याकडे वर द्यायला शिल्लक कमी. मूळ इंजेक्टर ठेवून टर्बो लावायचा असेल तर ई-२० ने काम अवघडच केलंय.

आता आगीचा मुद्दा. तो मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेतो. तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्यासाठी ऑइल प्रेशर स्विचच्या जागेवरून टी काढून नळी आणतात, इथवर व्हिडिओत दाखवलंय. परत जाणारी नळी मात्र दाखवताना कॅमेरा पटकन फिरवलाय. टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल दाबाशिवाय, फक्त उतारावर संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातं. त्यासाठी जाड नळी, सरळ उतार आणि संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर भोक पाडून नीट बसवलेला नट लागतो. नळी बारीक, दुमडलेली किंवा आडवी गेली, तर ऑइल तुंबतं आणि सीलमधून बाहेर येतं. बाहेर म्हणजे टर्बाइनच्या, धुराने फिरणाऱ्या चाकाच्या, घरावर. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट पूर्ण लोडवर ९०० अंशांच्या वर जातो, ते घर लालबुंद होतं. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) साधारण २०० ते २३० अंश. वॅगनआरच्या त्या अरुंद बॉनेटखाली बाजूलाच वायरिंग, प्लास्टिकचा इनटेक आणि पेट्रोलची नळी आहे. व्हिडिओत हीट शील्ड नाही, आणि ऑइलची नळी रबराची आहे, होज क्लिप लावलेली. अशी गाडी मी माझ्या घरच्या माणसांना घाटात नेऊ देणार नाही.

भंगारातल्या डिझेल टर्बोचं दुखणंही उष्णतेचंच. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो, साधारण साडेसातशे-आठशे अंशांच्या आत. त्या तापमानासाठी निवडलेला टर्बाइनचा धातू पेट्रोलवर टिकेलच असं नाही. वर तो टर्बो आधीच एका इंजिनावर घासलेला. शाफ्ट हाताने हलवून "प्ले नाही" म्हटलं म्हणजे तपासणी होत नाही. बॅलन्सिंग मशीनवर बघावं लागतं.

मॅनिफोल्डबद्दल बोलायला मला आनंद वाटला असता, कारण हे आपल्या गावचं काम आहे. उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रींना पॅटर्न द्या, हवा तसा मॅनिफोल्ड ओतून देतील. हाताची कमी नाही. पण व्हिडिओतला मॅनिफोल्ड साध्या ग्रे आयर्नचा आहे आणि तो तापून-थंड होऊन तडकणार, हे फाउंड्रीतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. एफजी २६०, म्हणजे असलंच ग्रे आयर्न, मशीनच्या बेडला चांगलं. एसजी (कमी ठिसूळ ओतीव लोखंड) त्याहून बरं, सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं एसजी आणखी बरं, तेही साडेआठशे अंशांच्या आसपासपर्यंत. त्याच्यावर निकेल जास्त असलेलं आयर्न किंवा उष्णता सोसणारं स्टेनलेस लागतं. पंधरा हजारांच्या हिशेबात ते बसत नाही.

मायलेज दुप्पट, हा दावा फार वेळ घालवण्यासारखा नाही. धूर फुकट जातो, हे मात्र बऱ्याच अंशी खरं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून जातो आणि टर्बो त्यातला थोडा वापरतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते याच कल्पनेवर. पण कंपन्यांना टर्बोने मायलेज मिळतं ते मोठ्या इंजिनाच्या जागी लहान इंजिन बसवल्यामुळे. इंजिन तेच ठेवून वर टर्बो लावला की धुराच्या वाटेत अडथळा वाढतो आणि नीट ट्यून केलं तर बूस्टमध्ये पेट्रोल जास्तच जाळावं लागतं.

इलेक्ट्रिक टर्बो म्हणजे इनटेकच्या पाइपात बसवायचा छोटा पंखा. १२०० सीसीच्या इंजिनाला ६००० आरपीएमवर अर्धा बार बूस्ट द्यायला चार-पाच किलोवॅट लागतात. १२ व्होल्टवर ते साडेतीनशे-चारशे अँपिअर होतात. त्या पंख्याच्या वायरी बघा, दहा अँपिअरलाही तापतील.

पीयूसी पास होते, हे खरं आहे आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. ती तपासणी उभ्या गाडीवर, लोड नसताना होते. तेव्हा टर्बो बूस्ट देतच नाही.

"आरटीओला कळत नाही" वाल्यांसाठी कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेला बदल किंवा रेट्रोफिटिंग करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असं स्पष्ट आहे. "मग सीएनजी किट कसं चालतं?" हा प्रश्न लगेच येतो. कारण इंधन बदलण्याच्या किटसाठी कलम ५२ मध्येच वेगळी सोय आहे. अटी पाळून, मंजूर किट बसवून आरसीवर नोंद होते. टर्बोसाठी तशी वाट ठेवलेली नाही. हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे बेळगावची केए-२२ ची गाडी कोगनोळीच्या पलीकडे महाराष्ट्रात गेली किंवा चोर्ला उतरून गोव्यात गेली, म्हणून तो बदलत नाही.

आणि दंडापेक्षा विमा जास्त महागात पडेल. न कळवता इंजिनात एवढा बदल केलेली गाडी जळाली किंवा ठोकली, तर स्वतःच्या गाडीचं नुकसान नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. हप्ते मात्र बँकेला भरावेच लागतात.

राहिला "कंपन्या लपवतात" हा आरोप. मारुतीचीच दोन इंजिनं समोर ठेवा. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन, ९९८ सीसी, साधारण ६७ पीएस ताकद आणि ८९ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर). फ्राँक्समधलं टर्बो इंजिन, तेही ९९८ सीसी, साधारण १०० पीएस आणि १४८ एनएम. म्हणजे दीडपट ताकद कंपनी शोरूममध्ये उघड विकतेय. त्यासाठी तिने काय बदललं ते बघा. पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये सोडणारे इंजेक्टर, इंटरकूलर, बूस्ट ओळखणारा ईसीयू, आणि जास्त टॉर्क झेपेल असा क्लच-गिअरबॉक्स. मेसेजने फक्त निकाल दाखवला आणि मधलं सगळं काम गाळलं.

साध्या इंजिनावर टर्बो कधीच सुरक्षित होत नाही, असं मी म्हणणार नाही. होतो, बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीला, आणि या क्रमाने. आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलेंडर दाब धरतो का आणि हवा गळते का ते बघणारी तपासणी) घेऊन इंजिन निरोगी आहे का बघायचं. बूस्ट पाव-तृतीयांश बारवर ठेवायचा आणि वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) चालतो याची खात्री करायची. मॅप सेन्सर बूस्ट मोजणारा, इंजेक्टर आणि पंप मोठे, प्लग एक नंबर थंड आणि गॅप थोडा कमी. स्वतंत्र ईसीयू किंवा नव्याने लिहिलेला मॅप, म्हणजे पेट्रोल-स्पार्कचा तक्ता. वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) आणि एक्झॉस्ट तापमानाचा गेज कायम डोळ्यांसमोर. मॅपिंग डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर), नॉकिंग ऐकत, हळूहळू. बूस्ट वाढवायचा असेल तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन-रॉड आणि कमी कॉम्प्रेशन. ब्रेक बूस्टरच्या नळीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि क्रँककेसची पीसीव्ही वाट (इंजिनाच्या पोटातले वायू इनटेककडे नेणारी) तपासायची, नाहीतर बूस्ट भलतीकडे शिरतो. नुसत्या चांगल्या ईसीयूलाच पंधरा हजार पुरत नाहीत.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच टर्बो बसवलाय, त्यांनी तो उतरवून मूळ मॅनिफोल्ड परत लावावा. त्याआधी प्लग काढून बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चमकदार ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. मग गाडी चालू करू नका. ऑइल काढून पातेल्यात उन्हात धरा, धातूची चमक दिसते का बघा. कॉम्प्रेशन टेस्ट कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये थोडक्यात होते. सिलेंडरांच्या आकड्यांत आपसात दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर टर्बो उतरवला तरी हेड काढून पिस्टन बघितल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.